दुसरा हात

नंदुरबारचा सलाउद्दीन मिस्तरी मशीनला नुसता हात लावून सांगतो म्हणे, की तिनं किती काम केलंय आणि कसल्या माणसाखाली केलंय. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे दुपारी जेवताना सांगितलं आणि माझ्या हातातली भाकर तव्यावर तिरकी पडली. धीरजनं, माझ्या नवऱ्यानं, मान काही वर केली नाही. वरणात बोट फिरवत बसला. इतका राग आला मला त्याचा! अरे, काहीतरी बोल ना. पण बोलणार तरी काय, बिचारा.

"मिस्तरी सकाय गिऱ्हाईक लिसन येई ऱ्हायना," आबा म्हणाले. "त्यानी सांगेल शे, मी येवाबिगर सेल मारू नका, इंजिन गार पाहिजे. आनि मशीन धुवू बी नका."

"धुवू काब नही?" सासूबाईंनी विचारलं.

"धुयेल मशीनमा तेल कोठून गळस ते दिसत नही. मले काय तेनं? मन्ही मशीन एकहाती शे. मन्हा पोऱ्याबिगर कोन्ही बठेल नही तिन्हावर. काय देखनं ते देख म्हनसु."

आता खरं काय ते सांगूनच टाकते, उगाच कोडं नको. त्या जेसीबीवर गेली सव्वादोन वर्षं मी बसत होते. मी, मोहिनी, हिंमतराव पाटलांची सून. आणि हे हिंमतराव पाटलांना ठाऊक नव्हतं.

धीरजचा मणका सरकला तेव्हा मशीन घेऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. कॅनॉलच्या फाट्याचं काम हातात होतं, आणि डॉक्टर म्हणाले, या सीटवर आता बसायचं नाही. तो रडला. मशीनचं खूळ त्याचंच, आबांना पटवून पटवून त्यानं ती घेतली होती. मी म्हटलं, रडू नको, मला दाखव कुठला दांडा काय करतो. मी चेष्टेत म्हटलं होतं, देवाशपथ. पण तो पळसाखाली सतरंजीवर पालथा पडला आणि तिथून ओरडून ओरडून मला शिकवायला लागला. एका दांड्यानं मशीनचा हात वळतो, दुसऱ्यानं उचलतो. आठ दिवस मी नुसती हवा खणली. नवव्या दिवशी माती लागली आणि मग काय विचारता, मला रात्री झोपेतही दांडे दिसायला लागले.

आमच्यात सून सासऱ्यासमोर तोंड वर करून बोलत नाही, मशीन चालवणं तर लांबच. म्हणून रोज सकाळी धीरज पाठीला पट्टा आवळून मशीन गावाबाहेर काढायचा. मी भाकरीचं गाठोडं घेऊन बाजूला मडगार्डवर. साडीवर त्याचा शर्ट चढवलेला, पण तो तर कापूस वेचायला जाणारी प्रत्येक बाई चढवते. नाला ओलांडला की तो उतरायचा आणि मी बसायची. संध्याकाळी नाल्याशी परत अदलाबदल. गावात दोघाचौघांना कुणकुण असेलही, पण आबांना जाऊन सांगायची कुणाची छाती नव्हती.

आम्हाला सांगायचं नव्हतं असं नाही हो. पहिल्या आठवड्यात वाटलं, पाठ बरी होईल, मग कशाला सांगा? महिना गेल्यावर, महिनाभर खोटं का बोललात याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. पुढे वर्ष गेलं. आबा रोज संध्याकाळी स्वतः चुलीत वीट तापवायचे, फडक्यात गुंडाळून धीरजची पाठ शेकायचे, आणि मशीनला शिव्या घालायचे. धीरज उशीत तोंड खुपसून पडलेला, आणि माझी कंबर इकडे मोडलेली, मी मुकाट्यानं भाकरी थापतेय.

आणि त्या शेकण्यातूनच हे निघालं. होळीनंतर एके दिवशी आबा म्हणाले, "पोऱ्यानी पाठ खाई टाकी या मशीननी. इकी टाकसूत. त्यानापेक्षा केळी लावसूत." लेकाच्या मायेपोटी मशीन विकायला काढली त्यांनी. जी पाठ सव्वादोन वर्षं पळसाच्या सावलीत पडून होती, तिच्यासाठी. आमचं खोटं आमच्याच गळ्याशी आलं होतं. मशीन गेली की मी परत कापूस वेचायला. कामाला माझी ना नाही, पण मला ती मशीन आवडते. तिच्यावर बसलं की मला कुणी अडवत नाही, कुणी हाक मारत नाही, आणि संध्याकाळी मागे वळून बघितलं की मी केलेलं काम तिथं जमिनीवर दिसतं. ते सोडून जायचं म्हणजे जीव तुटत होता माझा.

जेवणं झाल्यावर आबा वावराकडे गेले आणि आम्ही दोघं घरापुढच्या खळ्यात मशीनपाशी आलो.

"सीट मांगे लोट," धीरज म्हणाला. "मिस्तरी पह्यले सीटच देखी."

सीट दोन वर्षं हलली नव्हती. मी केबिनमध्ये आडवी पडले आणि खालच्या दट्ट्याला पान्ह्यानं चार ठोके घातले, तेव्हा कुठे ती कुरकुरत मागे गेली. मग मी बसून बघितलं. पाय खालच्या पायंड्यांपर्यंत, म्हणजे ब्रेकच्या पेडलपर्यंत, पोचेनात, नुसते लोंबकळत राहिले. मला हसू फुटलं आणि हसता हसता कधी रडू फुटलं ते कळलंच नाही.

"रडू नको ना," तो खालून म्हणाला. माझी लोंबकळती टाच त्यानं हातात धरली. "मन्ही पाठ नीट ऱ्हाती ते..."

"तुन्ही पाठ नीट ऱ्हाती ते मी आजबी कापूसच येचती. बेस झायं मोडनी ती."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण तो हसायला लागला. हसल्यावर त्याला कळ येते, म्हणून एका हातानं कंबर धरून हसतो. असा माणूस आहे. मी खाली उतरले आणि त्याच्या खांद्यावर कपाळ टेकून तशीच उभी राहिले. दोघांच्याही अंगाला डिझेलचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास मोटरसायकलवर दोघं आले. मिस्तरी साठीचा, काटकुळा, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. त्याचं दुकान मिरची वाळवायच्या पथारीला लागून, त्यामुळे त्याच्या पिशवीतूनसुद्धा मिरचीचा खकाणा येत होता. सासूबाई दोनदा शिंकल्या. त्याच्या मागे बसून आलेला जामसिंग, काठी गावाकडच्या डोंगरातला. मशीन त्याला घ्यायची होती. म्हणजे त्याच्या पाड्यावरच्या बारा घरांना मिळून. तो शाळेतली मराठी बोलायचा, शब्द मोजून मोजून.

"मागच्या पावसात आमचे बांध सगळे वाहून गेले," त्यानं आबांना सांगितलं. "होळीला माणसं गुजरातेतून घरी आली आहेत. मशीन मिळाली तर पावसाच्या आत बांध होतील. नाही झाले तर पुढच्या वर्षी पेरायला माती राहणार नाही."

"मशीन सोनं शे," आबा म्हणाले. "एकहाती."

मिस्तरी सरळ मशीनपाशी गेला. त्यानं इंजिनावर पंजा ठेवला आणि मान हलवली. गार होतं. तेलाची काडी काढून तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं. मग सेल मारायला सांगितला. पहिल्या सेलला मशीन सुरू झाली, धूर पाहता पाहता विरला. तेलाच्या तोंडाचं झाकण काढून त्यानं उलटं तोंडावर ठेवलं. झाकण थरथरलं, पण उडालं नाही, म्हणजे इंजिन आतून धड होतं. मी दाराच्या आडून बघत होते. माझं पोर परीक्षेला बसावं तशी मी उभी होते.

"मीटर कितलं शे?"

"पाच हजार दोनशे चाळीस तास," धीरज म्हणाला.

मिस्तरीनं बॅटरी पेटवून मीटरचे स्क्रू एक एक करून बघितले. "मीटर खरं शे. पेचले पान्हा लागेल नही. या धंदामा हाई पह्यलं मीटर देखी ऱ्हायनू मी जे खरं बोलस."

आबांनी टोपी नीट केली. मी चहा घेऊन बाहेर आले, पदर डोळ्यांपर्यंत ओढून.

मग मिस्तरीनं मशीनचा मागचा हात उचलायला लावला, सांध्यात पहार घातली आणि रेटून बघितलं. पिन हलेना, म्हणजे झिजली नव्हती. दुसऱ्या सांध्यात घातली. तीही हलेना. तो थबकला. बोटानं ग्रीस काढून बघितलं.

"ग्रीस कोन मारस हिले?"

"पोऱ्या," आबा म्हणाले.

"रोज?"

"रोज."

रोज मीच मारते. तीसेक जागा आहेत, खाली झोपून माराव्या लागतात, सकाळी जमीन गार असते आणि पाठीत शिरते. धीरज पळसाखालून मोजतो, एकही चुकली तर ओरडतो.

मिस्तरी बकेटपाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ बसला. दातांवरून बोटं फिरवली, कडेवरून फिरवली. मग जामसिंगला जवळ बोलावलं.

"हाई कड देख. पह्यले कोन्हीतरी बकेट आडवी मारी मारी माती लोटे. घाईना हात. त्यानी कड झिजेल शे, आठे वेल्डिंग बी करेल शे. मंग ते बंद झायं. एकदम बंद. त्यानंतरना घसारा सरळ शे. दात समदा सारखा. हाऊ हात जमीनले मारत नही, कापस. दगड लागना ते ओढत नही, बाजूले जाईसन उचलस. मी चाळीस वरीस मशीनी देखी ऱ्हायनू, भाऊ. असा सबुरीना हात मले दोनतीनदाव भेटेल शे."

मला काय झालं ते कसं सांगू? कुणीतरी माझी चिठ्ठी चारचौघांत मोठ्यानं वाचावी तसं झालं. सव्वादोन वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. धीरज म्हणायचा, छान झालं, पण तो नवरा. कंत्राटदार यायचा, टेप लावायचा आणि जायचा. आणि हा परका म्हातारा, मिरचीचा खकाणा अंगावर घेऊन आलेला, माझं तोंडही न बघता मला ओळखत होता. पदराआड मी ढसाढसा रडत होते आणि चहा बशीत सांडत होते.

मग तो केबिनमध्ये चढला.

"सीट मांगे शे," तो आतून म्हणाला. "पन सीटखालनी पट्टी पुढे घासेल शे. पुढेच चमकस." मग तो पायंड्यांशी वाकला. "पायंडाना रबर मधमा जुना झिजेल, आनि आते टोकले झिजी ऱ्हायना. हाऊ दुसरा मानूस टाच टेकत नही. चवडावर चालवस. बुटका शे."

बुटका! मी पाच फूट आहे चांगली.

मिस्तरी खाली उतरला आणि टॉवेलनं हात पुसत आबांसमोर आला. "हिंमतभाऊ, मशीन एक नंबर शे. पन एकहाती नही. दोन हात फिरेल शेतस हिन्हावर."

आबांचा चेहरा उतरला आणि मग लालबुंद झाला. "मिस्तरी, तोंड सांभाय."

"मी तोंडनं नही बोली ऱ्हायनू. मशीन बोली ऱ्हायनी."

जामसिंग दोन पावलं मागे सरला. "पाटील, भाड्यानं दिली होती का? खडीवर?" खडीवर चाललेली मशीन वरून नीट दिसते आणि आतून तडकलेली असते, हे डोंगरातल्या माणसालाही ठाऊक होतं.

"खडीवर म्हनत नही मी," मिस्तरी म्हणाला. "पन दुसरा हात कोना, हाई मालकनी सांगाले पाहिजे. नही ते मी हा म्हनाव नही."

"मग मला घेता येणार नाही," जामसिंग हळू म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं. "बारा घरांना मी काय सांगू? तुम्ही एक सांगता, मशीन दुसरंच सांगते."

आबांनी कापसाच्या काट्यावर कधी मूठभर माप मारलं नाही. तराजू झुकला तर झुकू दे म्हणणारा माणूस. त्यांनी मशीनच्या बोनटवर हात ठेवला. "मन्हा पोऱ्यानी आन शे," ते म्हणाले. "दुसरं कोन्ही बठेल नही."

धीरज पांढराफटक पडला. बापानं त्याची शपथ घातली होती, आणि ती खोटी होती, आणि बापाला ते माहीत नव्हतं.

आणि मी? मला तेव्हा काय सुचलं ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. मला सुचलं की गप्प बसावं. कप गोळा करावेत आणि आत जावं. जामसिंग निघून जाईल, व्यवहार मोडेल, मशीन खळ्यातच राहील. सोमवारी सकाळी मी नाल्यापलीकडे पुन्हा माझ्या सीटवर. इतकं सोपं होतं. फक्त आबा खोटे ठरणार होते, त्यांच्याच अंगणात, आणि नंदुरबारच्या बाजारात मिस्तरी कुणाला काय सांगेल ते वेगळंच. मी ट्रे उचलला, खरंच उचलला.

"असं करूत," मिस्तरी म्हणाला. "धीरजले बठाडा. जुना हात कोना हाई तं समजी."

धीरजनं पट्टा आवळला आणि चढला. पहिल्या पायरीवरच थांबला, दांडा धरून. मग वर गेला. सीट मागच्या बाजूला फिरवताना त्याच्या तोंडून बारीक आवाज निघाला, तो फक्त मी ऐकला. त्यानं मशीनचा हात पुढे टाकला, माती घेतली, आणि जुन्या सवयीनं बकेट आडवी मारली. धक्का बसला. मशीन हलली आणि तो सीटवर तसाच वाकडा अडकला. ओठ पांढरे, कपाळावर घाम. त्याला उठता येईना.

"हाऊ पह्यला हात," मिस्तरी म्हणाला.

"उतर रे बेटा, उतर," आबा धावले. "मरू दे ती मशीन!"

मी ट्रे जमिनीवर ठेवला. एक कप कलंडला.

"दुसरा हात मन्हा शे," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. आबांसमोर मी इतक्या मोठ्यानं कधीच बोलले नव्हते. ते वळले, पण माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे बघायला लागले, जणू त्या बोलल्या होत्या.

पुन्हा सांगायची मला हिंमत नव्हती. मी वर चढले, धीरजच्या काखेत हात घालून त्याला उठवलं, जामसिंगनं खालून धरलं आणि त्याला बाजेवर निजवलं. मग मी दट्ट्यावर पान्हा मारला आणि सीट पुढे घेतली. कमरेला पदर खोचताना डोक्यावरचा पदर घसरला. म्हटलं घसरू दे.

काय करून दाखवायचं ते मला कुणी सांगितलं नाही. पण मोरीचं पाणी अंगणात साचतं म्हणून आबा दोन महिने चारी खणायची म्हणत होते, भिंतीच्या कडेनं. मी मशीनचे दोन्ही पाय जमिनीला टेकवले, हात लांब केला आणि मोरीपासून सुरुवात केली. भिंतीचा पाया बकेटपासून जेमतेम वीतभर अंतरावर होता. दोन्ही हात दांड्यांवर ठेवले. बकेट उतरली, माती कापली, उचलली, बाजूला ठेवली. पुन्हा उतरली. एका जागी दगड लागला, मी ओढला नाही, शेजारून गेले आणि अलगद काढून ठेवला. उकिरड्यापर्यंत पंधरावीस हात चारी झाली, सुतात. मग मी इंजिन बंद केलं. इतकं शांत झालं की कोंबड्या माती उकरतात ते ऐकू येत होतं.

"हाऊच तो हात," मिस्तरी म्हणाला. चष्मा काढून त्यानं डोळे पुसले, आणि मग हसला. "माफ कर बेटी. बुटका म्हनं मी."

आबा बाजेच्या कडेला बसले होते. धीरजच्या पायाशी.

"कितला दिन?" त्यांनी विचारलं. कुणाला, ते कळलं नाही.

"सव्वादोन वरीस," धीरज म्हणाला. "मन्ही चूक शे, आबा."

"मले ठाऊक व्हतं," सासूबाई दारातून म्हणाल्या. मी चाटच पडले. "लुगडामातीन डिझेलना वास जाये नही. मी धुवाले टाके तवय समजे."

"मंग मले काब सांगं नही?"

"तुम्ही रोज पोऱ्यानी पाठ देखी," सासूबाई म्हणाल्या. "हिन्हा हात कव्हय देखात?"

सासरा सुनेचे हात बघत नाही. पण त्यांनी त्या वेळी बघितले. मी दांड्यावरून काढून मांडीवर ठेवले होते, घट्टे पडलेले, नखांत ग्रीस. मी ते पदरात लपवले. रागावले असते तर मला सोसवलं असतं, पण ते रडत होते. टोपी काढून त्यांनी तोंडावर धरली.

मग टोपी डोक्यावर ठेवून ते उठले आणि जामसिंगसमोर जाऊन उभे राहिले.

"जामसिंगभाऊ, मिस्तरी खरा. मन्हा शब्द खोटा निंघना. मशीन एकहाती नही." सगळ्यांदेखत म्हणाले. "मी पोऱ्यानी पाठसाठे इकाले काढेल व्हती. आते मले मशीन इकनी नही."

जामसिंगचं तोंड एवढंसं झालं. "आणि आमचे बांध?"

"तुमना बांध मन्ही सून करी दी."

मन्ही सून. हे शब्द ते असे मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या खळ्यात वाहरूकाका वैरण टाकता टाकता थांबला. जामसिंगनं मिस्तरीकडे बघितलं. मिस्तरी पिशवीत पहार घालत म्हणाला, "मशीन इकत घीशी, भाऊ. असा हात कोठून आनशी?"

जामसिंगनं विचार केला. घाई करणारा माणूस नव्हता तो. मग म्हणाला, "कधी येणार?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्या तोंडाकडे, लग्नानंतर पहिल्यांदा. "कव्हय जाशी?" त्यांनी मला विचारलं.

"सोमवारी," मी म्हणाले.

सोमवारी सकाळी निघायची तयारी झाली. सासूबाई म्हणाल्या, परक्या पाड्यावर सून एकटी कशी राहील, मी जाते. कुणाचं ऐकलं नाही. पिठाचा डबा, गोधडी, आणि लोणच्याची बरणी घेऊन त्या मडगार्डवर चढून बसल्या आणि हँडल दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून घेतले, मशीन अजून सुरूही झाली नव्हती. धीरज मागून एसटीनं येणार होता. सवयीनं तो पट्टा आवळून पायरीपाशी आला, गावाबाहेर काढून द्यायला.

"तू सरक," आबा त्याला म्हणाले. "गावमातीनबी तीच काढी."

ते पुढे पायी निघाले, खांद्यावर लांब बांबू. मी मागून हळूहळू मशीन सोडली. ओट्यांवर बाया उभ्या राहिल्या, पोरं धावली, डेअरीपाशी दुधाच्या कॅना ठेवून माणसं बघायला लागली. पदर डोक्यावर होता, पण तोंड झाकायला हात मोकळा नव्हता. माझे कान तापले होते. कुणीतरी हसलं, कुणीतरी गप कर म्हणालं, मी समोर बघत राहिले.

डेअरीच्या कोपऱ्यावर टीव्हीच्या केबलची वायर खाली लोंबत होती. मशीनचा मागचा हात तिला लागला असता. मी थांबले. आबांनी बांबूचं टोक वायरीखाली लावलं आणि दोन्ही हातांनी वर रेटलं. सत्तरीचा माणूस, दंड थरथरत होते, टोपी मागे पडली ती त्यांनी उचलली नाही. आजवर त्यांनी मला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती, मी नेहमी धीरजची बायको.

"ये मोहिनी, ये!" ते अख्ख्या गावादेखत ओरडले. "सरळ ये, मी धरेल शे!"

मी गिअर टाकला आणि त्यांच्या हातांखालून मशीन बाहेर काढली.